वर्षाला रिलीज किती, कधी, आणि पावसाळ्यात काय? – लॉगर फर्मवेअरच्या वेळापत्रकाचा धागा

खाडीकाठ | ४ जानेवारी २०२६, रात्री ९:१०

मंडळी,

आपल्या लॉगरच्या (सेन्सरची रीडिंग नोंदवून सर्व्हरला पाठवणाऱ्या डब्याच्या) फर्मवेअरला, म्हणजे त्यातल्या सॉफ्टवेअरला, रिलीजचं ठरलेलं असं वेळापत्रक नाही. पॅच (कोडमधला बदल) आला, दोघांनी चालवून पाहिला, टॅग (आवृत्तीचा शिक्का) मारला, संपलं. बोर्ड मोजके होते तोवर हे खपून गेलं. आता तीच इमेज (फर्मवेअरची तयार फाइल) पुलांवरच्या पाणीपातळीच्या डब्यांत आहे आणि होड्यांवरच्या जीपीएस-इंजिन लॉगरमध्येही आहे. कुठल्या डब्यात नेमकं काय चाललंय हे सांगायला कमिटचा हॅश (कोडमधल्या त्या बदलाचा लांबलचक ओळख-क्रमांक) वाचून दाखवावा लागतो.

नव्यांसाठी सध्याची मांडणी: बीगलबोन ब्लॅक हा छोटा संगणक-बोर्ड (५१२ एमबी रॅम, ४ जीबी ईएमएमसी), यूएसबीवर ४जी मोडेम, आरएस-४८५ या तारेच्या जोडणीवर सेन्सर. पाया बिल्डरूट २०२५.०२ (इमेज बांधणारं साधन), लिनक्स कर्नल ६.१२, बोर्ड सुरू करायला यू-बूट, अपडेटसाठी रौक, इमेजसाठी दोन स्लॉट (ए आणि बी; एक चालू, दुसरा राखीव), डेटाचं पार्टिशन वेगळं.

आपण ज्यांच्यावर उभे आहोत त्यांचा ताल असा. कर्नल दर ९-१० आठवड्यांनी: दोन आठवडे मर्ज विंडो (नवे बदल घ्यायचा काळ), मग चाचणी-आवृत्त्या आरसी१ ते आरसी७, कधी आरसी८. यू-बूट जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. बिल्डरूट फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, त्यातलं फेब्रुवारीचं दीर्घ मुदतीचं. योक्टो (बिल्डरूटसारखंच साधन) एप्रिल आणि ऑक्टोबर.

माझा प्रस्ताव: बिल्डरूटच्या मागे एक महिना राहायचं. म्हणजे मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. तारीख पक्की. जे फीचर वेळेत आलं नाही ते पुढच्या गाडीला. बोला.

---

देवगडी | ४ जानेवारी, रात्री ९:३२

जूनात रिलीज? मेल्यांनो, जूनात पुलावर चढतलो कोण?

---

करूळघाट | ४ जानेवारी, रात्री १०:०५

पक्क्या तारखेला पूर्ण पाठिंबा, तिमाहीला विरोध. देवगडींनी एका ओळीत सांगितलंच, मी जरा विस्कटून सांगतो.

तुमच्या चारपैकी दोन तारखा कोकणात चालणाऱ्याच नाहीत. जूनमध्ये पाऊस लागतो. वीज दिवसातून कितीदा जाईल याचा भरवसा नाही, टॉवरची बॅटरी उतरली की नेटवर्क गेलं, आणि घाटात दरड आली तर सीरियल केबल घेऊन जाणाराही अडकला. सप्टेंबरात यंदा गणपती १४ तारखेला आहेत (अधिक ज्येष्ठामुळे उशिरा). त्याच्या आधी आठवडा आणि नंतर आठवडा आपल्यातलं कोण पॅच तपासणार आहे, ते हात वर करा.

कोकण रेल्वेसुद्धा पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते, गाड्या हळू चालवते. आपणही तेच करू. जून ते ऑक्टोबर फक्त दुरुस्त्या, नवं काही नाही.

उरलेल्या सात महिन्यांत दोन रिलीज बसतात: डिसेंबर आणि एप्रिल. दोन्ही सारख्या मात्र नकोत. एप्रिलमध्ये जे जाईल ते पुढचा अख्खा पावसाळा हात न लावता चालायचं आहे, म्हणून एप्रिल सावध. बिल्डरूटचा पाया बदलणं, कर्नलची मालिका बदलणं, यू-बूटला हात लावणं, पार्टिशन हलवणं असली धाडसी कामं डिसेंबरात. त्यानंतर कोरडे सहा महिने हाताशी असतात. काही बिघडलं तर मोटरसायकल काढून जाता येतं.

---

मेकफाइलवाला | ४ जानेवारी, रात्री १०:४८

करूळघाट यांच्याशी सहमत, एक पुस्ती जोडतो. बिल्डरूटच्या मागे महिनाभर राहायचं कारणच आता उरलेलं नाही. पूर्वी फेब्रुवारीची शाखा वर्षभर सांभाळली जायची, त्यामुळे दर वर्षी पाया हलवणं भाग होतं. २०२५.०२ पासून ती मुदत तीन वर्षांची झाली आहे. म्हणजे २०२५.०२ वर राहून फक्त .१, .२ अशा दुरुस्ती-आवृत्त्या घेत गेलो तरी २०२८ च्या सुरुवातीपर्यंत निभावतं. पाया हलवायचा तर डिसेंबरात नव्या .०२ शाखेवर जावं. तोवर तिच्या बऱ्याच दुरुस्त्या येऊन गेलेल्या असतात आणि इतरांना ठेचा लागून झालेल्या असतात.

एक गोष्ट मात्र वेळापत्रकाआधी लागेल: डाउनलोडचा स्वतःचा साठा. फ्रीझच्या दिवशी सगळे सोर्स एकदा खाली उतरवायचे (बिल्डरूटमध्ये 'मेक सोर्स'), ते फोल्डर मिररवर (आपल्या स्वतःच्या प्रतींच्या सर्व्हरवर) ठेवायचं, आणि रिलीजचं बिल्ड 'फक्त मिररवरूनच घे' हा पर्याय चालू करूनच करायचं. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबच्या आपोआप बनणाऱ्या टार फायलींचं (सोर्सच्या गठ्ठ्यांचं) कॉम्प्रेशन बदललं आणि जगभरातल्या बिल्डमधले या फायलींचे हॅश एका दिवसात जुळेनासे झाले. त्यांनी बदल मागे घेतला, पण तुमची रिलीज नेमकी त्याच दिवशी असती तर? शिवाय इथलं नेट पाहता एक हार्ड डिस्कवरची प्रत रत्नागिरीत आणि एक कुडाळात असलेली बरी.

त्याच दिवशी 'मेक लीगल-इन्फो' (परवाने आणि सोर्स गोळा करणारी आज्ञा) चालवून त्याचंही टार रिलीजच्या शेजारी ठेवा. जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली लेखी हमी देऊन बायनरी वाटली तर सोर्स देण्याची जबाबदारी तीन वर्षांची असते. तीन वर्षांनी तेच सोर्स पुन्हा जमवायला बसलात तर अर्धे दुवे मेलेले असतील.

---

रातांबा | ५ जानेवारी, सकाळी ७:२०

नवीन आहे, सांभाळून घ्या. फ्रीझ म्हणजे नेमकं काय गोठतं? आणि महिनाभर फ्रीझ असेल तर माझ्यासारख्याने पाठवलेला पॅच तोवर पडूनच राहणार का?

---

मेकफाइलवाला | ५ जानेवारी, सकाळी ८:०२

@रातांबा, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

फ्रीझला नवीन पॅकेज, नवीन फीचर, आवृत्ती-बदल बंद. आरसी१ नंतर फक्त बग दुरुस्त्या. आरसी२ नंतर फक्त अशाच दुरुस्त्या, ज्यांच्यावाचून डबा बूट होत नाही, नेटवर्कवर येत नाही किंवा मोजमाप चुकतं. लॉगमधला एखादा शब्द चुकला असेल तर तो पुढच्या वेळी.

तुमचा पॅच पडून राहू नये म्हणून बिल्डरूटवाले करतात तेच करू: आरसी१ निघताच 'नेक्स्ट' नावाची शाखा उघडायची. नवं सगळं तिथे. रिलीज झाली की नेक्स्ट मुख्य शाखेत मिसळते. एक पथ्य मात्र पाळायचं. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत जाते, मग नेक्स्टमध्ये. उलट केलं की डिसेंबरात दुरुस्त झालेला बग एप्रिलमध्ये पुन्हा उगवतो.

---

बंदरावरचा | ५ जानेवारी, दुपारी १:१५

सगळे पुलांवरच्या डब्यांचाच विचार करताहेत. होड्यांचं गणित नेमकं उलटं आहे हो.

यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. हर्णै घ्या, मिरकरवाडा घ्या, त्या दोन महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि लॉगर हाताशी असतो. बाकीचं वर्ष होडी कधी समुद्रात, कधी दुसऱ्याच बंदरात, आणि बंदरात आली की तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) मासळी उतरवायची घाई. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर ४जी नाहीच. त्यामुळे 'जून ते ऑक्टोबर काही नाही' हा नियम होड्यांना लावला तर त्यांना अपडेट कधीच मिळणार नाही.

आणि जूनमध्ये होडीवरची बॅटरी काढून घरी नेलेली असते. अपडेट करायला जाणाऱ्याने आपली १२ व्होल्टची बॅटरी, पेनड्राइव्ह आणि सिलिकॉन ग्रीसची ट्यूब सोबत न्यावी. खाऱ्या हवेने कनेक्टरची हिरवी बुरशी झालेली असते. डबा उघडलाच आहे तर पिना पुसून, ग्रीस लावूनच बंद करायचा.

---

करूळघाट | ५ जानेवारी, दुपारी २:४०

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, आणि यातून गाठ सुटते असं वाटतं. आपण दोन वेगळ्या तारखा एकच समजून भांडतोय. रिलीज म्हणजे टॅग मारून सही केलेली इमेज सर्व्हरवर ठेवणं. वाटप म्हणजे ती डब्यात जाणं. रिलीजची तारीख आपल्या आणि वरच्या प्रकल्पांच्या सोयीने ठरू दे. वाटपाची तारीख त्या डब्यापर्यंत माणूस कधी पोचू शकतो यावर ठरू दे.

मग एकाच एप्रिलच्या रिलीजची दोन वाटपं होतात. नदीच्या डब्यांना १५ मेपर्यंत. होड्यांना १ जून ते ३१ जुलै, हाताने, पेनड्राइव्हवरून. होड्यांना जाईपर्यंत तीच इमेज नदीवर सहा आठवडे चालून झालेली असते, हा फायदा वेगळाच.

१५ मे का, तर मान्सूनच्या आधीही वादळं येतात. तौक्ते मे २०२१ च्या मध्यावर किनाऱ्याला घासून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला जमिनीवर आलं. 'पाऊस ७-८ जूनला येतो, तोवर वेळ आहे' असं धरून चालू नये.

---

ओव्हरले | ५ जानेवारी, रात्री ९:५५

वेळापत्रक छान जमतंय, पण रोलबॅकचं (बिघडलं तर जुन्या आवृत्तीवर परतण्याचं) गणित नीट नसेल तर ते कागदावरच राहील. सध्याच्या यू-बूट स्क्रिप्टमध्ये एक खोट आहे, ती एप्रिलच्या आधी निघायला हवी.

रौकच्या पद्धतीत प्रत्येक स्लॉटला उरलेल्या प्रयत्नांचा आकडा असतो, सुरुवातीला ३. प्रत्येक बूटला यू-बूट तो एकाने कमी करून एन्व्हायर्नमेंटमध्ये (आपल्या साठवलेल्या सेटिंगमध्ये) लिहितो. सिस्टिम नीट वर आली आणि स्लॉट 'चांगला' म्हणून नोंदवला की आकडा परत ३. शून्य झाला की दुसरा स्लॉट.

आता आपला डबा 'चांगला' ही नोंद सर्व्हरला पहिलं रीडिंग पोचल्यावर करतो. मोडेम उठून नेटवर्कवर यायला दीड-दोन मिनिटं, रेंज कमी असेल तर पाच. तेवढ्या वेळात वीज तीनदा झपकली तर आकडा शून्य. इमेजमध्ये काही दोष नाही, अपडेटही झालेलं नाही, तरी डबा उडी मारून जुन्या स्लॉटवर जातो. पावसाळ्यात वीज अशीच येते-जाते. टॉवर बंद असेल तर वीज न झपकताही नोंद होत नाही, मग पुढच्या प्रत्येक रीबूटला एक प्रयत्न वाया.

होडीवर याचंच भावंड आहे. इंजिन क्रँक करताना १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर इतकं खाली येतं की साधा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) आउटपुट सोडतो आणि बोर्ड रीबूट होतो. थंड इंजिन, पाच-सहा वेळा चावी फिरवली, की तुमचे तिन्ही प्रयत्न संपले.

उपाय:

नोंद करायची अट स्थानिक ठेवा. सेन्सरने मॉडबसवर (सेन्सरशी बोलायच्या भाषेत) उत्तर दिलं, मोडेम यूएसबीवर दिसला आणि एटी कमांडला 'ओके' म्हणाला, डेटा पार्टिशनवर लिहिता आलं: झाला स्लॉट चांगला. हे ४० सेकंदांच्या आत उरकतं. प्रयत्न ३ ऐवजी ६ करा. सर्व्हरशी संपर्काची अट वेगळी, आणि ती फक्त अपडेटनंतरच्या पहिल्या फेरीला: ७२ तास एकदाही संपर्क झाला नाही तर स्वतःहून जुन्या स्लॉटवर जा. २४ तास ठेवू नका, टॉवर दोन दिवस बंद राहणं इथे नवीन नाही. होड्यांना ही अट नकोच, त्या कित्येक दिवस रेंजबाहेर असतात.

दोन्ही स्लॉटचे आकडे शून्य झाले तर स्क्रिप्टने दोन्ही पुन्हा भरून रीसेट करायला हवं. आपली स्क्रिप्ट त्या ठिकाणी यू-बूटच्या प्रॉम्प्टवर थांबून बसते. टेबलावर ते सोयीचं, पुलाखाली नाही.

---

भरतीओहोटी | ५ जानेवारी, रात्री १०:३०

ओव्हरले, झकास. त्यालाच जोडून नदीच्या डब्यांसाठी एक अट: पाणी इशारा पातळीच्या वर असताना रीबूट नाही. इमेज मागच्या मागे उतरवून रिकाम्या स्लॉटमध्ये लिहून ठेवायला हरकत नाही, पण स्लॉट बदलणं पातळी उतरेपर्यंत थांबवायचं. वाशिष्ठी किंवा जगबुडी चढत असताना दोन मिनिटांचं रीडिंग गेलं तर ते पुन्हा मिळत नाही, आणि लोक नेमकं तेव्हाच तो आकडा पाहत असतात. खाडीलगतच्या डब्यांना भरतीची वेळही टाळावी. तिथे पुढचे सहा तास पाणी कुठवर जाईल हे भरतीच्या माथ्यावर कळतं.

स्क्रिप्टमध्ये हे दहा ओळींचं काम आहे. शेवटची सहा रीडिंग घ्या, एकही इशाऱ्याच्या वर असेल किंवा सलग चढत असतील तर तासाभराने पुन्हा विचारा. सेन्सरने उत्तरच दिलं नाही तर 'माहीत नाही' म्हणजे 'थांब' असं धरा, शून्य धरू नका. शून्य धरलं तर सेन्सर बुडाल्यावर डबा खुशाल रीबूट होईल.

---

रातांबा | ६ जानेवारी, सकाळी ७:०५

जून ते ऑक्टोबर 'फक्त दुरुस्त्या' म्हणता, पण सुरक्षेच्या त्रुटी तर रोज निघतात. कुठली घ्यायची, कुठली सोडायची, हे ठरवतं कोण?

---

मेकफाइलवाला | ६ जानेवारी, सकाळी ९:१८

ठरवणारा नियम असावा, माणूस नसावा.

फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलचे लोक स्वतःच सीव्हीई क्रमांक (सुरक्षा-त्रुटीचा ओळख-क्रमांक) देतात आणि जवळपास प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक मिळतो. 'प्रत्येक सीव्हीईला रिलीज' असं धोरण ठेवलं तर आठवडाभर दुसरं काम होणार नाही. आधी आपल्या कर्नल कॉन्फिगमध्ये जे कंपाइलच होत नाही ते वगळा. उरलेल्यांना एकच प्रश्न: दुरून, लॉगिनशिवाय, आपल्या उघड्या पोर्टवरून हे वापरता येतं का? हो असेल तर ७२ तासांत दुरुस्ती-रिलीज, मग पाऊस असो वा गणपती. नाही तर महिन्याच्या पहिल्या बुधवारी जी दुरुस्ती-आवृत्ती निघेल तिच्यात.

नियम खऱ्या घटनेवर घासून पाहू. १ जुलै २०२४, ऐन पावसात, ओपनएसएसएच या दुरून लॉगिनच्या प्रोग्रामातली 'रिग्रेशन' त्रुटी जाहीर झाली. ८.५पी१ ते ९.७पी१ बाधित, ९.८पी१ मध्ये दुरुस्त. दुरून, लॉगिनविना, थेट रूट, म्हणजे मशिनचा पूर्ण ताबा. ओपनएसएसएच वापरणाऱ्याला ७२ तासांत हलणं भाग. इमेज पाठवणं शक्य नसेल तर सेटिंगमध्ये लॉगिनची सवलतीची वेळ शून्य करून तात्पुरतं थोपवता येत होतं. त्याने कनेक्शन अडवून ठेवण्याचा धोका वाढतो, पण रूट जाण्यापेक्षा ते परवडलं. आणि ज्यांच्याकडे ड्रॉपबेअर (त्याच कामाचा दुसरा प्रोग्राम) आहे, जसं आपल्याकडे, त्यांना काहीच करायचं नव्हतं.

म्हणून एक आग्रह: सेटिंगमधला असा बदल इमेजशिवाय पाठवायची सोय हवी. काही केबींची सही केलेली फाइल पावसातही जाते.

---

करूळघाट | ६ जानेवारी, सकाळी १०:४०

आणखी एक नियम सुचवतो: फ्रीझला कुठलंही पॅकेज ३० दिवसांपेक्षा नवं नको. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात चोरवाट घुसवल्याचं मार्च २०२४ मधलं प्रकरण सगळ्यांना आठवत असेलच.

---

ओव्हरले | ६ जानेवारी, सकाळी ११:२५

नियम ठेवा, पण त्या प्रकरणाचा दाखला देऊ नका. बाधित ५.६.० निघालं २४ फेब्रुवारीला, भानगड उघड झाली २९ मार्चला. मधले दिवस मोजा, ३० च्या वर जातात. तुमच्या नियमातून ते आरामात सुटलं असतं. त्यापासून वाचवलं असतं ते दीर्घ मुदतीच्या शाखेवर राहण्याने, कारण तिथे गरज नसताना आवृत्ती वर चढवत नाहीत.

शिवाय तो मालमसाला ६४ बिटी इंटेल-एएमडी मशिनवर डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बनवतानाच जागा व्हायचा. आपल्या आर्म बोर्डला धोका नव्हता. धोका होता तो बिल्ड करणाऱ्या मशिनला, आणि सहीची चावी (इमेज आपलीच आहे हे डब्याला पटवणारी) तिथेच असते. मला विचाराल तर रिलीजचं बिल्ड डेबियन स्टेबलच्या कंटेनरमध्ये करा आणि चावी त्या मशिनवर ठेवूच नका.

---

खाडीकाठ | ६ जानेवारी, रात्री ९:२०

बरंच जमलं की. तिमाहीचा प्रस्ताव मी मागे घेतो. आत्तापर्यंतच्या चर्चेवरून २०२६ च्या तारखा मांडतो, सगळ्या रिलीज बुधवारी. सोमवारी लोक तुंबलेलं काम उपसत असतात, आणि शुक्रवारी रिलीज करून शनिवारी कोण उत्तर देणार?

एप्रिल (सावध): फ्रीझ ९ मार्च. होळी पहिल्या आठवड्यात आहे, पालख्या त्यानंतरही फिरतात, म्हणून त्याआधी कुणाला घाई नको. आरसी१ ११ मार्च, आरसी२ २५ मार्च, लागलीच तर आरसी३ ८ एप्रिल, रिलीज १५ एप्रिल. नदीचं वाटप १५ मेपर्यंत, होड्यांचं जून-जुलै.

डिसेंबर (धाडसी): फ्रीझ १९ ऑक्टोबर, आरसी१ २१ ऑक्टोबर, मग दिवाळी (लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर), आरसी२ १८ नोव्हेंबर, रिलीज २ डिसेंबर. वाटप फेब्रुवारीअखेरपर्यंत रमतगमत.

दुरुस्ती-आवृत्त्या: महिन्याचा पहिला बुधवार, काही नसेल तर काहीच नाही. १५ मे ते ३१ ऑक्टोबर नदीच्या डब्यांना फक्त सुरक्षेच्या ७२ तासांच्या नियमातल्या.

प्रत्येक रिलीजला आधार एक वर्ष, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त दोन शाखा. तिसरी सांभाळायला माणसं नाहीत.

वाटप टप्प्याने: आधी टेबलावरचे बोर्ड, मग रस्त्यालगतचे डबे (जिथे गाडी जाते), आठवड्याने उरलेले. घाटातले आणि खाडीपलीकडचे सगळ्यात शेवटी.

राहता राहिली नावं. २०२६.०४ चालेल?

---

देवगडी | ६ जानेवारी, रात्री ९:४१

एप्रिलच्याक 'हापूस' आणि डिसेंबरच्याक 'बांगडो' म्हणा. +१.

---

भरतीओहोटी | ६ जानेवारी, रात्री ९:५८

बांगड्याला माझंही मत, पण टॅगमध्ये आकडाच असू दे. 🙂 फक्त तो रिलीजच्या महिन्याचा हवा. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या फर्मवेअरमध्ये शाखा फुटल्याचा महिना नावात येतो. १९.०७ प्रत्यक्षात आलं जानेवारी २०२० मध्ये, २१.०२ आलं सप्टेंबर २०२१ मध्ये. आतल्यांना काही वाटत नाही, बाहेरच्याला मात्र पहिल्या दिवशीच ते जुनं वाटतं. आणि तारीख चुकून मेमध्ये गेली तर नाव २०२६.०५ करा, ०४ ला चिकटून बसू नका. १५ मेच्या पुढे गेलीच तर रिलीज रद्द, थेट डिसेंबर.

---

बंदरावरचा | ७ जानेवारी, दुपारी १२:५०

तारखा पटल्या. होड्यांच्या वाटपात एक अडचण येईल, आधीच सांगून ठेवतो. होडीवरचा लॉगर डिसेंबरची आवृत्ती वगळून थेट एप्रिल ते एप्रिल उडी मारणार. म्हणजे मधली एक आवृत्ती तो कधी पाहणारच नाही.

डेटा पार्टिशनवरच्या एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलची रचना बदलताना हे लक्षात ठेवा. डिसेंबरात रचना बदलली आणि एप्रिलच्या कोडने जुनी रचना वाचायचं सोडलं, तर होडीचा वर्षभराचा डेटा वाचताच येणार नाही. उलट्या बाजूनेही तेच आहे. नव्या स्लॉटने फाइल बदलली आणि डबा जुन्या स्लॉटवर परतला, तर जुन्या कोडला ती फाइल अनोळखी. म्हणून नियम असा असावा: नवा कॉलम जोडता येईल, जुना काढायचा किंवा नाव बदलायचं तर तीन रिलीजनंतर. आणि आरसीच्या चाचणीत 'मागच्या एप्रिलवरून थेट' हा मार्ग सक्तीचा.

---

ओव्हरले | ७ जानेवारी, दुपारी ३:३०

+१. आरसीच्या चाचण्यांत अजून दोन घाला.

एक, वीज तोडण्याची. बोर्डच्या १२ व्होल्टवर रिले (विजेवर चालणारा स्विच), रिले दुसऱ्या बोर्डवरून चालवायचा, बूट सुरू झाल्यावर ५ ते ९० सेकंदांत कधीही तोड. रात्रभर चालू ठेवा, आणि त्यातल्या काही फेऱ्या अपडेट लिहिलं जात असताना होतील असं बघा. सकाळी तीन गोष्टी तपासायच्या: बोर्ड कुठल्या स्लॉटवर आहे, यू-बूटच्या एन्व्हायर्नमेंटच्या दोन्ही प्रतींचा सीआरसी (तपासणीचा आकडा) जुळतो का, आणि डेटा पार्टिशन न कुरकुरता माउंट होतं का.

दोन, घड्याळाची. बीगलबोन ब्लॅकवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. बाहेरचं डीएस३२३१ घड्याळ लावलंय, पण त्याच्या नाण्यासारख्या सेलची पत्री खाऱ्या हवेत गंजते आणि बोर्ड १९७० सालात उठतो. मग रौक सही तपासताना म्हणतो, हे प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. रेंज असेल तर एनटीपी (नेटवरून वेळ घेणारी सोय) वेळ लावून देतं. रेंज नसेल आणि पेनड्राइव्हने अपडेट करत असाल, म्हणजे नेमकी जूनमधली होडी, तर अपडेट नाकारलं जाणार. दोन गोष्टी करा: रौकच्या सेटिंगमधल्या कीरिंग विभागात 'सही झाली तेव्हाची वेळ धरून तपास' हा पर्याय चालू करा, आणि बूटच्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये घड्याळ इमेजच्या बिल्ड तारखेपेक्षा मागे असेल तर तिथवर पुढे ढकला. चाचणी सोपी आहे: सेल काढा, अँटेना काढा, पेनड्राइव्ह लावा.

---

खाडीकाठ | ७ जानेवारी, रात्री ८:४५

दोन्ही यादीत घेतले. रिलेचा बोर्ड मेकफाइलवाला यांच्या टेबलावर बसवू, तिथे वीज बरी असते.

शेवटचा विषय सहीच्या चावीचा. सुरक्षेचा ७२ तासांचा नियम केलाय, पण चावी एकाच हार्डवेअर टोकनवर (चावी साठवणाऱ्या छोट्या उपकरणावर) आणि ते एकाच माणसाकडे असेल तर तो गावी गेला की नियम गुंडाळून ठेवावा लागेल. दोन टोकन, दोन वेगळी प्रमाणपत्रं, एकाच मूळ प्रमाणपत्राखाली. डब्यात फक्त मूळ प्रमाणपत्र जातं, त्यामुळे एक टोकन हरवलं तरी दुसऱ्याने सही करता येते. हरवलेलं रद्द करायला रद्द-यादी नवीन इमेजमधून पाठवावी लागेल, आणि ती तपासण्याचा पर्याय रौकमध्ये आधीपासून चालू असावा लागतो. तेव्हा तो एप्रिलच्या इमेजमध्येच चालू करतो. एक टोकन माझ्याकडे राहील. दुसरं कुणाकडे? अट एवढीच की १० ते २५ सप्टेंबर या दिवसांत आम्ही दोघेही एकाच वेळी नेटबाहेर असता कामा नये.

---

देवगडी | ७ जानेवारी, रात्री ९:०२

माझ्याकडे द्या. आमचो गणपती दीड दिवसाचो, १६ पासून मी मोकळो. १० ते १५ तुम्ही सांभाळा.

---

खाडीकाठ | ७ जानेवारी, रात्री ९:१०

ठरलं. वेळापत्रकाची फाइल रिपॉझिटरीच्या मुळाशी टाकतोय, पॅच उद्या तपासायला येईल. तारखांवर हरकत असेल तर त्या पॅचवरच लिहा, इथे नको.